विजेचे द्वारपाल

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दरूप)



संगणक आणि मोबाइल यांच्यामुळे 'चिप' हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. चिप म्हटली की गणित करणारा, स्मरण ठेवणारा, चित्र दाखविणारा सिलिकॉनचा इवलासा तुकडा डोळ्यांसमोर येतो. हा झाला इलेक्ट्रॉनिक्सचा मेंदू. परंतु केवळ मेंदूने शरीर चालत नाही. त्याला बाहूही लागतात. लोकलगाडीच्या मोटारी फिरविणे, छपरावरच्या सौर पॅनेलची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करून देणे, चंद्रपूरची वीज मुंबईच्या वेशीपर्यंत आणणे ही कामे बाहूंची आहेत. ती करणाऱ्या अर्धवाहकांना 'पॉवर सेमीकंडक्टर' म्हणतात. मोबाइलच्या चिपमधील एकेका ट्रान्झिस्टरमधून अत्यल्प प्रवाह वाहतो. या दुसऱ्या जातीच्या उपकरणांमधून शेकडो, कधी हजारो अँपिअर वाहतात आणि हजारो व्होल्टचा दाब त्यांना छातीवर झेलावा लागतो.

वृत्तपत्रांत मेंदूची चर्चा पुष्कळ होते, बाहूंची फारशी होत नाही. म्हणूनच हा विषय समाजापुढे मांडण्याची आवश्यकता आहे. ज्या राष्ट्राचे बाहू उसने आहेत, त्याची बुद्धी कितीही तल्लख असली तरी ऐन प्रसंगी ते परावलंबीच ठरते.

पंख्याच्या रेग्युलेटरचा धडा

ज्यांचे बालपण चाळीत किंवा वाड्यात गेले, त्यांना पंख्याच्या रेग्युलेटरची ती जुनी, काळी, बोजड पेटी आठवत असेल. पंखा हळू केला की ती पेटी तापत असे. तिच्यात रोध निर्माण करणाऱ्या तारेची वेटोळी होती. पंख्याचा वेग कमी होई, पण विजेची बचत त्या प्रमाणात होत नसे. उरलेली वीज उष्णता होऊन भिंतीवर वाया जाई. पुढे छोट्या बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला आणि पेटी तापणे थांबले. हे कसे घडले, यातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. शेताला निम्मेच पाणी हवे असेल तर पाटात दगड टाकून प्रवाह अडविता येतो. पण मग पाणी दगडांशी झुंजण्यात आपली शक्ती घालविते. दुसरा मार्ग असा की, पाटाचे दार काही वेळ पूर्ण उघडावे, काही वेळ पूर्ण बंद करावे. दार उघडे असते तेव्हा अडथळा नाही. बंद असते तेव्हा प्रवाह नाही. दोन्ही अवस्थांत शक्तीचा अपव्यय नाही. ही उघडझाप पुरेशा वेगाने केली की शेताला सरासरी हवे तेवढेच पाणी मिळते. विजेच्या बाबतीत ही उघडझाप सेकंदाला शंभर वेळा, हजार वेळा, आता तर लाखो वेळा होते. ती करणारा द्वारपाल म्हणजे पॉवर सेमीकंडक्टर.

अशा द्वारपालाच्या अंगी तीन गुण हवेत. दार बंद असताना कितीही दाब आला तरी एक थेंब गळता कामा नये. दार उघडे असताना प्रवाहाला किंचितही अडथळा होता कामा नये. आणि नुसत्या इशाऱ्यावर, क्षणार्धात, दार उघडता व मिटता आले पाहिजे. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हे तीन गुण एकाच ठायी आणण्याची धडपड होय. एक गुण वाढवावा तर दुसरा उणा होतो, हीच या शास्त्राची खरी अडचण आहे.

पाऱ्याच्या वाफेपासून थायरिस्टरपर्यंत

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवर चालणारी आगगाडी धावली. ती १५०० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालत असे. वीजकेंद्रांतून येणारी वीज मात्र एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते. एसीचे डीसी करण्यासाठी त्या काळी जगभर फिरती अवजड यंत्रे किंवा पाऱ्याच्या वाफेने भरलेले एकदिशकारक वापरीत. हा पाऱ्याचा एकदिशकारक अमेरिकन अभियंता पीटर कूपर ह्युइट याने १९०२ मध्ये शोधला होता. काचेचे किंवा पोलादाचे मोठे भांडे, आत पारा आणि निळसर ठिणगी! काम चोख, पण आकार मोठा आणि देखभालही मोठी.

याच सुमारास कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बसू गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर प्रयोग करीत होते. त्यांच्या स्फटिक-शोधकाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहक उपकरणासाठी दिलेले ते जगातील पहिले पेटंट मानले जाते. तथापि त्या शोधातून परतंत्र भारतात कोणताही उद्योग उभा राहिला नाही. हा दाखला मनात ठेवावा, कारण पुढे त्याचीच पुनरावृत्ती दिसेल.

१९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांच्या चमूने ट्रान्झिस्टर घडविला. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील रॉबर्ट हॉल यांनी जर्मेनियमचा एकदिशकारक दाखविला. तो २०० व्होल्ट रोखू शके आणि ३५ अँपिअर वाहू देई. पाऱ्याच्या भांड्याचे काम आता धातूच्या एका लहानशा तुकड्याएवढी वस्तू करू लागली. परंतु जर्मेनियम उष्णतेला भितो. तापला की दार गळू लागते. म्हणून त्याची जागा सिलिकॉनने घेतली.

१९५७ मध्ये त्याच कंपनीत थायरिस्टर तयार झाला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. सिलिकॉनचे चार थर एकावर एक ठेवलेले हे दार मोठे विलक्षण होते. हलकासा स्पर्श केला की ते सताड उघडे. मात्र एकदा उघडले की आपल्या इच्छेने मिटत नाही. प्रवाह स्वतःहून शून्यावर आला तरच ते मिटते. एसी वीज दर आवर्तनात दोनदा शून्यावर येतेच, त्यामुळे तेथे ही उणीव खपून जाते.

थायरिस्टरने महाराष्ट्राच्या जीवनात केलेले मोठे काम म्हणजे चंद्रपूर–पडघे ही उच्च दाबाची डीसी वाहिनी. कोळसा आणि औष्णिक वीज विदर्भात, मागणी मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. १९९९ मध्ये सुरू झालेली ही सुमारे ७५२ किलोमीटरची वाहिनी ५०० किलोव्होल्ट दाबाने १५०० मेगावॅट वीज वाहून नेऊ शकते. चंद्रपूरला एसीचे डीसी होते आणि पडघ्याला डीसीचे पुन्हा एसी. दोन्ही टोकांना पहारा देणारे असतात ते एकापुढे एक रचलेल्या थायरिस्टरांचे मनोरे.

एक पेच आणि त्याची उकल

एसीचे डीसी करणे थायरिस्टरला सहज साधले. परंतु मोटारीचा वेग हवा तसा बदलायचा असेल तर डीसीपासून हव्या त्या आवर्तनाची एसी घडवावी लागते. त्यासाठी इशाऱ्यावर उघडणारे आणि इशाऱ्यावरच मिटणारे दार हवे. इशाऱ्याने मिटणारे थायरिस्टर पुढे आले खरे, पण ते मिटविण्यासाठी मूळ प्रवाहाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा उलटा प्रवाह क्षणभर द्यावा लागे. द्वारपालाला हलविण्यासाठीच पहिलवान लागावा, अशातला हा प्रकार!

दुसऱ्या बाजूने मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर आला. मूळ कल्पना १९५९ ची. शक्तिशाली रूप १९७० च्या दशकातले. त्याचे दार केवळ दाबाच्या इशाऱ्यावर हलते, इशाऱ्याला सततचा प्रवाह लागत नाही आणि वेगही मोठा. पण त्याच्यात निसर्गाने एक मेख मारून ठेवली आहे. अधिक दाब रोखायचा तर सिलिकॉनचा थर जाड आणि विरळ वाहक ठेवावा लागतो. मग दार उघडल्यावरचा अडथळा वाढतो. रोखावयाचा दाब दुप्पट झाला की हा अडथळा सुमारे साडेपाच पट होतो. त्यामुळे काहीशे व्होल्टच्या पुढे मॉसफेट तापू लागतो.

हा पेच सोडविण्यात ज्यांचे नाव अग्रभागी आहे, ते बंटवाळ जयंत बालिगा जन्माने भारतीय आहेत. त्यांचा जन्म १९४८ मध्ये चेन्नईचा, बालपण बंगळूरुजवळच्या जालहळ्ळीचे. वडील रेडिओ अभियंते. १९६९ मध्ये आयआयटी मद्रासमधून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवून जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत रुजू झाले. कंपनीला मोटारींचा वेग बदलणारी स्वस्त यंत्रणा हवी होती. बालिगांनी मॉसफेटचा हलका इशारा आणि जुन्या द्विध्रुवी ट्रान्झिस्टरचे भरघोस वहन यांचा एकाच स्फटिकात संयोग घडविला. 'इन्सुलेटेड गेट बायपोलर ट्रान्झिस्टर', म्हणजे आयजीबीटी, तो हाच. १९८२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह त्यावरचा शोधनिबंध सादर केला.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर हेही सांगितले पाहिजे की या दिशेने इतरांनीही विचार केला होता. अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या बेके आणि व्हीटली यांचे पेटंट त्याच काळातले आहे. चार थरांच्या रचनेत दार अचानक थायरिस्टरासारखे उघडेच अडकून पडण्याचा धोका होता. तो पुरता निवारणारी रचना जपानमधील तोशिबा कंपनीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास सिद्ध केली. थोर शोध एकट्याच्या हातून क्वचितच पूर्ण होतात. परंतु कल्पना मांडणे, ती कंपनीच्या चालू कारखान्यात घडविता येईल अशी आखणे, इलेक्ट्रॉनांचा मारा करून दाराचा वेग हवा तसा ठरविणे आणि वस्तू बाजारापर्यंत नेणे ही सर्व अंगे बालिगांनी सांभाळली. म्हणूनच २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले आणि २०२४ मध्ये फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना देण्यात आला.

आता पुढचा भाग अधिक मननीय आहे. ज्या कंपनीत हा शोध लागला, तिने १९८८ मध्ये आपला अर्धवाहक व्यवसाय विकून टाकला. आयजीबीटी पुढे मोठा केला तो प्रामुख्याने जपान आणि जर्मनी यांच्या उद्योगांनी. शोध लावणे आणि तो आपला करून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेसारख्या संपन्न देशालाही हा धडा मिळाला. भारताला तर तो बसूंच्या काळापासून मिळत आला आहे.

रोजच्या जीवनातील द्वारपाल

मुंबईत २००७ पासून धावू लागलेल्या नव्या बनावटीच्या लोकल गाड्यांत आयजीबीटी आहेत. ब्रेक लावला की या गाड्यांची मोटर जनित्र बनते आणि गाडीचा वेग वीज होऊन तारेत परत जातो. २०१६ मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली आणि १९२५ पासूनचे पर्व संपले. आता सर्व उपनगरी मार्गांवर २५ हजार व्होल्टची एसी आहे, आणि तिचे रूपांतर गाडीतच होते. २०१९ मध्ये सुरू झालेली वंदे भारत याच तत्त्वावर चालते. तामिळनाडूतील पुगलूर ते केरळातील त्रिशूर ही २००० मेगावॅटची डीसी वाहिनी थायरिस्टरऐवजी आयजीबीटी वापरते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचे राष्ट्रार्पण झाले. घरातला इन्व्हर्टर वातानुकूलक, इंडक्शनची शेगडी, सौर पंप, इतकेच नव्हे तर थांबू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा धक्का देणारे लहान आकाराचे डिफिब्रिलेटर, या सर्वांत हाच द्वारपाल उभा आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता खनिज इंधनावर अवलंबून नाही. हे उद्दिष्ट २०३० चे होते, ते पाच वर्षे आधी साधले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण सौर पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते. तिचे प्रत्येक युनिट पॉवर सेमीकंडक्टरच्या दारातूनच वीजजाळ्यात शिरते. आणि त्या दारांवरचे द्वारपाल आज बहुतांशी परदेशातून येतात. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करावे लागते, म्हणून विजेवरच्या वाहनांचा आग्रह धरला जातो, तो योग्यच आहे. परंतु तेलाची आयात थांबवून तिच्या जागी द्वारपालांची आयात वाढविली, तर परावलंबनाचे केवळ नाव बदलेल.

सिलिकॉनच्या पलीकडे

सिलिकॉनने सत्तर वर्षे सेवा केली. आता तो आपल्या भौतिक मर्यादेजवळ आला आहे. त्याची जागा घेण्यास दोन नवे पदार्थ पुढे आले आहेत. पहिला सिलिकॉन कार्बाइड. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या चाकात जो कार्बोरंडम असतो, तोच हा पदार्थ. १८९१ मध्ये ॲचेसन याने तो कृत्रिमरीत्या बनविला. सिलिकॉनच्या तुलनेत तो सुमारे दहापट तीव्र विद्युत् क्षेत्र सहन करतो आणि उष्णता सुमारे तिप्पट वेगाने वाहून नेतो. त्यामुळे तेवढाच दाब रोखण्यास दहाव्या हिश्शाचा थर पुरतो, आणि मॉसफेटचा जुना पेच पुष्कळ अंशी सुटतो. २००१ मध्ये त्याचा डायोड बाजारात आला, २०१० च्या सुमारास मॉसफेट आला, आणि टेस्ला कंपनीने २०१७ मध्ये आणलेल्या 'मॉडेल थ्री' मोटारीत तो वापरल्यानंतर जगभर त्याची मागणी वाढली. जपानने २०२० मध्ये सुरू केलेल्या नव्या शिंकानसेन गाडीतही तो आहे.

दुसरा पदार्थ गॅलियम नायट्राइड. निळ्या एलईडीसाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ती एलईडी याच पदार्थाची. त्याचा वेग फार मोठा, म्हणून मोबाइलचे झटपट चार्जर तळहातात मावू लागले आहेत. त्यापुढे गॅलियम ऑक्साइड आणि हिरा हे प्रयोगशाळेतले उमेदवार आहेत.

पुढील आव्हाने

पहिले आव्हान स्फटिकाचे. सिलिकॉन सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळतो आणि वितळलेल्या रसातून माणसाच्या उंचीचा स्फटिक ओढून काढता येतो. सिलिकॉन कार्बाइड असा वितळत नाही. दोन हजार अंशांहून अधिक तापमानाला त्याची वाफ करून ती बीजस्फटिकावर थरथराने बसवावी लागते. तासाला एक मिलिमीटरही वाढ होत नाही. आठवडाभर भट्टी जपली तर काही सेंटिमीटर जाडीची वडी हाती येते. एवढ्या काळात तापमान किंचित ढळले तरी आत दोष शिरतो आणि तो दोष पुढे दारातली फट ठरतो. वडी इतकी कठीण की तिच्या चकत्या कापण्यास हिऱ्याचे दाते लागतात.

दुसरे आव्हान टिकाऊपणाचे. लोकल दर दोन-तीन मिनिटांनी थांबते आणि सुटते. प्रत्येक वेळी आतला स्फटिक तापतो आणि निवतो. स्फटिक, त्याखालचे डाखकाम, सिरॅमिकचा थर आणि तांब्याचा तळ यांचे प्रसरण सारखे नसते. लाखो आवर्तनांनंतर डाखाला तडे जातात, बारीक तारा सुटतात. त्यात आपल्याकडे राजस्थानचा उन्हाळा, कोकणची खारी दमट हवा आणि सर्वत्र धूळ. शिवाय नवे द्वारपाल चपळ असले तरी नाजूक आहेत. अपघाताने तारांचा थेट संपर्क झाला तर सिलिकॉनचा आयजीबीटी साधारण दहा मायक्रोसेकंद तग धरतो, सिलिकॉन कार्बाइडचा मॉसफेट दोन-तीनच. एवढ्या अवधीत संरक्षक यंत्रणेने दोष ओळखून दार मिटले पाहिजे.

तिसरे आव्हान संपूर्ण वीजजाळ्याचे. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांत शेकडो टनांची चक्रे फिरत असतात. अचानक एखादे केंद्र बंद पडले तर या चक्रांच्या गतीतील शक्ती काही क्षण जाळे सावरून धरते. सौर पॅनेलला असे चक्र नाही. उद्या निम्मी-अधिक वीज अर्धवाहकांच्या दारातून येऊ लागेल, तेव्हा जाळे सावरण्याचे कर्तव्यही त्या दारांनाच शिकवावे लागेल.

चौथे आव्हान कच्च्या मालाचे आणि म्हणून राजकारणाचे. जगातील प्राथमिक गॅलियमचे जवळपास सर्व उत्पादन एकट्या चीनमध्ये होते. ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम व जर्मेनियम यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला होणारी निर्यात थेट बंद केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी तात्पुरती स्थगित केली. दार कोणाच्या हाती आहे, हे जगाला कळून चुकले.

भारत कोठे उभा आहे

या क्षेत्रात भारताची पाटी कोरी नाही. मुंबईत भांडुपला हिंद रेक्टिफायर्सची स्थापना १९५८ मध्येच झाली, म्हणजे थायरिस्टर बाजारात आला त्याच वर्षी. 'भेल'च्या बंगळूरु विभागाने थायरिस्टर बनविले. पिलानीच्या सीरी संस्थेत संशोधन झाले. २००४ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सी-डॅककडे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय अभियान सोपविण्यात आले. परंतु मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला फेब्रुवारी १९८९ मध्ये भीषण आग लागली आणि देशाच्या चिपउद्योगाची उभारी खचली. आग विझली; इच्छाशक्ती पेटण्यास मात्र तीन दशके लागली. त्या तीन दशकांत तैवान, कोरिया आणि चीन कोठल्या कोठे गेले.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची अर्धवाहक योजना मंजूर केली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी तिच्यात आणखी चार प्रकल्पांना मान्यता मिळाली. त्यांतील दोन थेट या विषयाचे आहेत. भुवनेश्वर येथे ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने सिलिकॉन कार्बाइडचा कारखाना होणार आहे. त्याची नियोजित क्षमता वर्षाला ६० हजार चकत्यांची आहे. मोहालीत कॉन्टिनेंटल डिव्हाइस ही जुनी भारतीय कंपनी मॉसफेट, आयजीबीटी आणि सिलिकॉन कार्बाइडची उपकरणे यांचे उत्पादन वाढविणार आहे. संरक्षण संशोधन संघटनेने चार इंच व्यासाच्या सिलिकॉन कार्बाइड चकत्या देशातच तयार करण्याची प्रक्रिया सिद्ध केली आहे.

या क्षेत्रात भारताला खरी संधी आहे, याचे कारण तांत्रिक आहे. मेंदूच्या चिपांत शर्यत रेषा सूक्ष्म करण्याची असते. त्या यंत्रांची किंमत डोळे फिरविणारी असते आणि ती मोजक्या देशांच्या मुठीत आहेत. बाहूंच्या चिपांत एवढी सूक्ष्मता लागत नाही. येथे शर्यत आहे शुद्ध स्फटिकाची, उष्णता काढून घेण्याच्या कौशल्याची आणि चिकाटीने केलेल्या चाचण्यांची. म्हणजे येथे पैशाइतकीच साधना लागते.

पण केवळ अनुदानाने साधना घडत नाही. सिलिकॉन कार्बाइडमध्ये जगात अग्रगण्य असलेल्या वुल्फस्पीड या अमेरिकन कंपनीला जून २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाचा अर्ज करावा लागला. सप्टेंबरमध्ये ती त्यातून बाहेर आली. कर्ज काढून मोठे कारखाने उभारले, वाहनांची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही आणि चिनी कंपन्यांनी चकत्यांचे भाव झपाट्याने पाडले. उद्या हेच संकट भुवनेश्वरपुढे येऊ शकते. तेव्हा देश आपल्या कारखान्यामागे उभा राहील काय, हा खरा प्रश्न आहे.

कर्तव्याची दिशा

यासाठी काही गोष्टी निश्चयाने कराव्या लागतील. भारतीय रेल्वे आणि पॉवरग्रीड यांच्याइतका मोठा ग्राहक जगात थोड्यांनाच लाभला आहे. त्यांनी स्वदेशी द्वारपालाचा पहिला ग्राहक व्हावे. पण कसोटी जराही सैल करू नये. स्वदेशी म्हणजे निकृष्ट माल देशप्रेमापोटी सहन करणे नव्हे. तसे केले तर देशाचेही नुकसान आणि स्वदेशीच्या नावालाही बट्टा. उलट, परदेशी मालाहून कठोर चाचणी आपल्या धुळीत, आपल्या उन्हाळ्यात घ्यावी आणि त्यासाठी प्रयोगशाळा उभाराव्यात. गॅलियम हे बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना मिळणारे उपउत्पादन आहे. ओडिशात दामनजोडीला नाल्कोचा मोठा ॲल्युमिना कारखाना आहे; आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरही बॉक्साइट आहे. हा धातू द्रावणात वाहून जाऊ न देता वेगळा काढण्याचे काम राष्ट्रीय निकडीचे समजले पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट कुटुंबांकडे येते. बालिगांचे नाव ऐकून टाळ्या वाजविणे सोपे आहे. पण १९६९ मध्ये तो बुद्धिमान तरुण परदेशी गेला, कारण त्याच्या कल्पनेला आकार देणारी भट्टी, प्रयोगशाळा आणि कारखाना येथे नव्हता. आज ती भट्टी येथे पेटू लागली आहे, तर तिच्यापाशी बसणारा तरुण हवा. संगणकाच्या पडद्यामागची नोकरी मिळाली की घरात पेढे वाटले जातात. स्फटिक वाढविणाऱ्या, डाखाचे तडे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या, एकाच दोषामागे दहा वर्षे घालविणाऱ्या मुलामुलींच्या पाठीवरही तशीच थाप पडली पाहिजे. राष्ट्र उभे राहते ते अशा अनाम परिश्रमांवर. ज्याने संघकार्यात वर्षानुवर्षे एका वस्तीत, एका शाखेत चिकाटीने काम केले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बसूंचा स्फटिक येथे होता, उद्योग बाहेर झाला. बालिगांची बुद्धी येथली होती, कारखाना बाहेर झाला. तिसऱ्यांदा असे होऊ द्यायचे नसेल, तर हीच वेळ आहे. आज घरी गेल्यावर पंख्याचे बटण फिरविताना त्यामागे उभा असलेला तो इवलासा द्वारपाल आठवावा, आणि तो कोणत्या देशाचा आहे हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर पुढच्या पिढीसाठी बदलणे हे आपल्या हाती आहे.